मागच्या खोलीतला घाट

मॉडेल रेल्वेचे रूळ टाकून झाले, गाडी गोल गोल फिरायला लागली, आणि आता डोंगर करायचाय म्हटल्यावर पुढे काय करायचं ते कळत नाही, अशी अवस्था अनेकांची होते. माझीही झाली होती. हे सगळं नोव्हेंबर २०२३ ते डिसेंबर २०२४ असे साडेतेरा महिने चाललं, त्यातले चार महिने नुसते पावसाळा संपायची वाट बघण्यात गेले. वहीत तारखा आणि खर्च लिहून ठेवले होते त्यावरून लिहितेय, मध्येच कुठे अडकलेल्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून.

लेआउट, म्हणजे रूळ मांडलेला अख्खा फळा, माझ्या बाबांचा. एचओ स्केल, म्हणजे १:८७, सगळं खऱ्याच्या ८७ पट लहान. लॉकडाऊनमध्ये त्यांनी गोव्यात कुडचड्याच्या घरी मागच्या खोलीत आठ बाय चारच्या प्लायवर रूळ ठोकले, वायरिंग केलं, सगळं अगदी नीटनेटकं. पण प्लाय सपाट तो सपाटच राहिला. आणि बाबांचं लहानपण गेलं कुळ्याला, ब्रागांझा घाटाच्या पायथ्याशी. मीटरगेजची गाडी कुळ्याला थांबायची, मागे ढकलायला इंजिनं लागायची, मग ती घाटावरच्या कॅसलरॉक स्टेशनकडे चढायला लागायची, ह्या गोष्टी मी हजारदा ऐकलेल्या. नव्वदच्या दशकात तिथे ब्रॉडगेज झालं, पण त्यांच्या डोक्यात अजून ती छोटी गाडीच चढत असते. तेव्हा त्यांना सपाट प्लायवर गाडी फिरताना बघून मला कसंतरीच व्हायचं. ते स्वतः काही बोलायचे नाहीत. हातांना थोडा कंप आहे म्हणून बारीक काम आता त्यांना जमत नाही.

सुरुवात झाली नरकासुरामुळे, दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे जाळतात त्या पुतळ्यामुळे. ११ नोव्हेंबरच्या रात्री आमच्या वाड्यावरची पोरं नरकासुर बांधत होती, मी चहा घेऊन गेले. बांबूचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांची जाळी, त्यावर खळीत बुडवलेले पेपर. सकाळी जाळायचा असतो तरी काय जीव तोडून करतात. ते बघताना वाटलं की पोकळ सांगाड्यावर कागद चढवून एवढा मोठा राक्षस उभा राहतो तर डोंगर का नाही राहणार. घरी आले आणि बाबांना म्हटलं, बाबा, आपण तुमच्या लेआउटवर ब्रागांझा घाट करूया. ते म्हणाले, "अगो, रूळ उचकटावे लागतील." तिथेच त्यांना कळलं होतं, मला कळायला अजून दोन महिने लागले.

आधी बघून यायचं ठरलं. रुळावरून चालत घाटातल्या दूधसागर धबधब्याला जायचा विचारही करू नका, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी शिरणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि त्याहून मोठं म्हणजे त्या वळणांवर आणि बोगद्यांत गाडी आली तर बाजूला व्हायला जागाच नसते. आम्ही ९ डिसेंबरला सरळ मडगाव ते लोंढा तिकीट काढलं आणि गोवा एक्सप्रेसने गेलो. कुळे सुटलं की सोनावळी, दूधसागर, करंझोळ आणि मग कॅसलरॉक. बाबा एका खिडकीत, मी दुसऱ्या, लेकाकडे मोबाईल, त्याला सांगितलं होतं की धबधब्याचा फोटो सगळेच काढतात, तू डोंगराचा पाय जिथे रुळाला भेटतो तिथला काढ. त्याने दोनशेच्या वर फोटो काढले आणि पुढे वर्षभर तेच कामाला आले. कुठे कापलेला कडा आहे, कुठे दगडी भिंत बांधलीय, कुठे माती घसरू नये म्हणून काय केलंय, हे सगळं त्यात दिसतं. एक गोष्ट मात्र फोटोत होती पण आम्हाला तेव्हा दिसली नाही, ती पुढे सांगते.

घरी येऊन हिशेब मांडला. दूधसागर ३१० मीटर उंच. १:८७ ने भागलं की ३.५६ मीटर. आमच्या खोलीचं छत दहा फुटांवर, म्हणजे जेमतेम तीन मीटर. धबधबा छत फोडून वर गेला असता! म्हणजे हुबेहूब काही होणार नाही, निवडून निवडून घ्यायचं. चढ मात्र बाबांना खराच हवा होता. घाटातला चढ १:३७ आहे, ३७ सेंटिमीटर पुढे गेलं की एक सेंटिमीटर वर. आमच्या लूपची, म्हणजे रुळाच्या पूर्ण फेऱ्याची, अर्धी लांबी २६० सेंटिमीटर, म्हणजे गाडी साधारण ७ सेंटिमीटर चढते आणि उरलेल्या अर्ध्यात उतरते. ७ सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण पाच डबे लावलेलं छोटं इंजिन वळणावर तेवढ्यालाच दमतं. चढ सुरू होतो आणि संपतो तिथे एकदम कोन करू नका, हळूहळू वाकवा, नाहीतर डब्यांच्या कड्या सुटतात.

२ जानेवारीला मी इंग्लंडहून एक पार्सल मागवलं, दगडांचे सिलिकॉनचे साचे आणि थोडं गवताचं सामान, पाठवणीसकट ₹४,४००. हा अनुभव सविस्तर सांगते कारण इथे मी सगळ्यात जास्त चिडले होते. नऊ दिवसांनी मेसेज आला की पार्सल कस्टम्सला आहे, केवायसी द्या. आधार अपलोड केलं. नामंजूर. कारण ऑर्डर लग्नानंतरच्या नावाने आणि आधारवर माहेरचं नाव. मग पॅन दिलं, त्यावर पत्ता नसतो म्हणून ते एकटं चालेना. शेवटी पॅन, वीजबिल आणि विवाह नोंदणीचा दाखला अशा तिन्हीची एक पीडीएफ करून पाठवली तेव्हा हललं. ड्युटी लागली ₹३,४००, बिलावर ७७.२८ टक्के असा दर होता, आणि कुरिअरची हाताळणी ₹५९० वेगळी. पार्सल हातात आलं १४ फेब्रुवारीला, म्हणजे ४३ दिवसांनी. मागवायचंच असेल तर ऑर्डर ज्या नावाने ओळखपत्र आहे त्याच नावाने करा, आणि ड्युटीचा तेव्हाचा दर बघून तेवढे पैसे बाजूला ठेवूनच बटण दाबा. खरं सांगायचं तर त्यातले साचे वर्षभर वापरले, पण गवताचं सामान इथेच झालं असतं.

पार्सल अडकलेलं असताना २० जानेवारीला सुतार आले. आता बाबा काय म्हणाले होते ते कळलं. सपाट प्लायवर डोंगर नुसता वर वाढवता येतो, खाली दरी होतच नाही, आणि घाटात तर गाडी डोंगराच्या कुशीतून जाते, एका बाजूला कडा वर आणि दुसऱ्या बाजूला दरी खाली. त्यासाठी रुळाखालची प्लायची पट्टी तेवढी ठेवून दोन्ही बाजूंनी प्लाय कापायचा, ती पट्टी लाकडी ठोकळ्यांवर उचलायची आणि बाकीची जागा खाली मोकळी सोडायची. बाबांनी तीन वर्षं जपलेले रूळ आधी उचलले, प्रत्येक तुकड्याला नंबर दिला. जिगसॉचा आवाज सुरू झाला तसे ते बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. मला फार अपराधी वाटलं त्या दिवशी. संध्याकाळी पट्टी ठोकळ्यांवर चढली, पूल जिथे येणार तिथे ती ७ सेंटिमीटर वर आणि त्याखाली कापलेल्या जागेत अजून १५ सेंटिमीटर खोल, तेव्हा ते आत आले, गुडघ्यावर बसून खालून बघितलं आणि म्हणाले, आता ठीक आहे. सुतारकाम, चौकट आणि नवीन प्लाय मिळून ₹९,४०० गेले, सगळ्यात मोठा खर्च हाच.

मग पहिला डोंगर. थर्माकोलचे ठोकळे एकावर एक फेविकॉलने चिकटवले, गरम तारेच्या कटरने कापले. खिडक्या सताड उघड्या ठेवून करा, तो धूर चांगला नसतो. दोन शनिवार-रविवारात डोंगर उभा राहिला आणि हिरवा रंग दिल्यावर पालथ्या घमेल्यासारखा दिसायला लागला. का ते कळेना. रंगाचा दोष असेल म्हणून बाजारातून स्प्रेचा डबा आणला आणि तपकिरी मारला, तर पाचच मिनिटांत थर्माकोल विरघळून त्यात भोकं पडली. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. थर्माकोलवर फक्त पाण्यातले रंग, आणि गोंदही पाण्यातला. ₹२,२०० चं सामान गेलं, रडायला आलं होतं.

थर्माकोल काढून टाकला आणि मी चिकणमातीकडे वळले. वाटलं इथे घराघरात मातीचा गणपती होतो, मातीच बरी. जाळीवर बोटभर जाडीचा थर दिला, मस्त दिसत होता, आणि चौथ्या दिवशी सगळीकडे भेगा. माती वाळताना आकसते, खालची जाळी आकसत नाही, मग ती फाटते. मूर्ती करतात ते लोक मातीची मळणी आणि जाडी कशी सांभाळतात हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेजारचे आंकल बघायला आले. त्यांच्या घरी दर नाताळाला येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा असतो, अख्खी पडवी भरून, त्यात टेकड्या, वाट, विहीर, नारळाच्या करवंट्यांत उगवलेली नाचणी, सगळं. त्यांनी माझी भेगाळलेली माती बघितली, गोल फिरून आले आणि विचारलं, "बाय, पावस पडलो जाल्यार हाचें उदक खंय वतलें?" म्हणजे पाऊस पडला तर ह्याचं पाणी कुठे जाणार?

मी गप्प. बाबा एकदम म्हणाले, "मोऱ्या!" आणि लेकाचा मोबाईल मागितला. फोटो परत उघडून बघितले. प्रत्येक घळीखाली, रुळाच्या खालून, पाणी जायला एक मोरी. कुठे छोटी कमान, कुठे पाईप, कुठे अख्खा पूल. घाटात जिथून जिथून व्हाळ, म्हणजे ओढा, येतो तिथे रेल्वेने त्याला वाट करून दिलीय, आणि दोन व्हाळांच्या मधे जे उरतं त्याला आपण डोंगराची सोंड म्हणतो. दोनशे फोटोंत ते होतं आणि आम्ही नुसते कडे बघत बसलो होतो. माझ्या डोंगराला व्हाळच नव्हते. म्हणून तो घमेलं दिसत होता.

तर हे माझ्या दृष्टीने सगळ्या कामातलं मुख्य, म्हणून जरा थांबून सांगते. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या दोन-दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापल्या, उभ्या-आडव्या विणून ग्लू गनने चिकटवल्या, मागच्या उंच फळीपासून रुळाच्या कडेपर्यंत आणि रुळाच्या खालच्या कडेपासून दरीच्या तळापर्यंत. हे हलकं असतं, हाताने दाबलं की खाली जातं, खालून पेपरचा बोळा लावला की वर येतं. त्यावर पातळ प्लास्टिक पसरलं आणि वरच्या टोकावरून मोहरी सोडली. चमचाभर मोहरी. दाणे घरंगळत कुठे जमतात ते बघायचं. जिथे रुळावर येऊन साचले तिथे आतून पट्टी दाबून घळ खोल करायची आणि रुळाखाली मोरीसाठी जागा ठेवायची. परत मोहरी. सुरुवातीला अर्धी मोहरी रुळावर यायची. तीन रविवार आम्ही हेच केलं, लेक मोहरी सोडायचा, मी पट्ट्या दाबायचे, बाबा स्टुलावर बसून सांगायचे, तिथे नाही गो, व्हाळ असा सरळ येत नाही, वळसा घेतो. शेवटी पाच घळी झाल्या, चार मोऱ्या आणि एक मोठा पूल, आणि मोहरी सगळी खाली दरीत. त्या दिवशी नुसत्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा, रंग नाही काही नाही, तो सांगाडा घाट वाटायला लागला.

त्यावर कातडी चढवायची. ह्याला हवं असतं प्लास्टर लावलेलं कापड, आणि ते तुमच्या गावात मेडिकलमध्ये मिळतं, हाड मोडल्यावर बांधतात तेच बँडेज. १५ सेंटिमीटर रुंद, २.७ मीटर लांब, मला एक रोल ₹८५ ला पडला. एकदम २२ रोल मागितल्यावर मेडिकलवाले काळजीने विचारायला लागले की घरी काय झालं, मग फोटो दाखवला. फूटभर तुकडे कापून ठेवा, कोमट पाण्यात दोन सेकंद बुडवा, जास्त पिळू नका, आणि अर्धा अर्धा एकावर एक चढवत जा. दोन थर पुरतात. घट्ट होताना ते गरम होतं, घाबरू नका, प्लास्टर पाणी ओढून घेतं तेव्हा उष्णता सोडतंच. त्याआधी रुळावर मास्किंग टेप लावा, आणि टेपवर पेपर, कारण शिंतोडे कुठेही जातात.

बाबांना मात्र ह्या बँडेजमधलं पीओपी खटकत होतं. गोव्यात पीओपीच्या गणपतीला बंदी आहे, आणि तुम्ही घरात पीओपीचा डोंगर करता, असं ते दोनदा म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. मग आम्ही बँडेज फक्त वरच्या, दिसणाऱ्या भागाला ठेवलं आणि दरीच्या उतारांना आंकलच्या पद्धतीने गोणपाट लावलं. "पयलीं गोणी भिजय, मागीर दोंगर कर," हे त्यांचं वाक्य, आधी गोणी भिजव, मग डोंगर कर. गोणपाट धुऊन, पातळ फेविकॉल आणि जुन्या पेपरच्या लगद्यात बुडवून, ओलं असतानाच सुरकुत्या पाडत पसरायचं. सुरकुत्यांच्याच घळी होतात. लगद्यात चिमूटभर मोरचूद घातलं, पूर्वी पुस्तकं बांधायच्या खळीत घालायचे तसं, किडा लागत नाही. ते विषारी असतं, हातमोजे घाला आणि पोरांना त्यात हात घालू देऊ नका. उरलेलं प्लास्टरचं पाणी न्हाणीघरात किंवा बेसिनमध्ये कधीही ओतू नका, पाईपात दगड होतो. बादलीत राहू द्यायचं, खाली घट्ट बसलं की काढून कचऱ्यात.

बोगदे बंद करायच्या आधी एक गोष्ट करा, नाहीतर नंतर पस्तावाल. सगळ्यात लांब डबा बोगद्यातून हाताने ढकलून बघा. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत येतो आणि टोकं बाहेर जातात, त्यामुळे सरळ रुळावर पुरणारं तोंड वळणावर पुरत नाही. आणि मागच्या बाजूने हात जाईल एवढी खिडकी ठेवा, आमची २० बाय १५ सेंटिमीटर आहे. गाडी रुळावरून घसरायची असेल तर ती बोगद्यातच घसरते.

मे महिन्यात दगड केले. साच्यात प्लास्टर ओतायचं, पाण्यात प्लास्टर घालायचं, प्लास्टरमध्ये पाणी नाही, साधारण दोन वाट्या प्लास्टरला एक वाटी पाणी. उकाड्यात फार लवकर घट्ट व्हायला लागलं तर लिंबाचे दोन थेंब घातले की थोडा वेळ मिळतो. साचा अर्धवट घट्ट झाला की ओल्या डोंगरावर दाबून धरायचा आणि मग सोलून काढायचा. साचे नसतील तर चुरगळून अर्धवट उलगडलेल्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये ओतलेलं प्लास्टरही छान दिसतं, आमचे निम्मे दगड तसलेच आहेत. इथे एक चूक सुधारली ती सांगते. मी आधी कडे काळे आणि आडव्या पायऱ्यांचे केले होते, खंडाळ्याच्या घाटात दिसतात तसे. पण तो बसाल्ट, लाव्हाचे थर. गोव्यात बसाल्ट फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात थोडासा आहे, आणि ह्या भागातल्या खडकाला भूगर्भवाले दूधसागर ग्रॅनाइटच म्हणतात. फोटोत नीट बघितलं तर आडवे थर नाहीत, गोलसर, फुगीर, उभ्या भेगांचे दगड आहेत, पाण्याने आणि शेवाळाने काळे पडलेले. मग आडव्या रेघा खरवडून काढल्या. रंग एकदम द्यायचा नाही, खूप पातळ केलेले पिवळसर, तपकिरी आणि राखाडी ठिपके इकडेतिकडे, ते ओले असतानाच वरून काळ्या शाईचं पाणी. शाई आपोआप भेगांत उतरते. हे करताना मला फार शांत वाटायचं, रात्री अकरा वाजले तरी उठवत नसे.

मग पाऊस आला आणि सगळं थांबलं. प्लास्टर वाळेना. हात लावला की थंड आणि दमट. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दरीच्या गोणपाटावर पांढरी बुरशी दिसली, दोन दिवसांत हिरवी झाली. मला वाटलं गेलं सगळं. चतुर्थीच्या मूर्तीचं सांगायला आम्ही चित्रशाळेत गेलो होतो तिथे बघितलं, बाहेर मुसळधार आणि आत ओळीने ठेवलेल्या मूर्तींवर पंखे आणि मोठे बल्ब. मूर्तिकारांना विचारलं. ते म्हणाले, वरून वारा आणि खालून ऊब, पण हळू, घाई केली तर तडे जातात. घरी लेआउटच्या खाली पोकळीत शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब लावला, लाकडापासून आणि कागदापासून चांगला हातभर लांब, दिवसा घरात कुणी असतानाच. वरून पंखा मंद. बुरशी व्हिनेगरच्या फडक्याने पुसली, दोनदा परत आली, तिसऱ्यांदा नाही आली. उघडी प्लास्टरची पिशवी मात्र टाकावी लागली, हवेतलं पाणी पिऊन ती निकामी होते, ओतलं तर घट्टच होत नाही. जून ते सप्टेंबर गोव्यात प्लास्टरचं नवीन काम काढूच नका, त्या दिवसांत झाडं करा, घरं करा.

ऑक्टोबरमध्ये माती. खरी माती वापरायचा माझा हट्ट होता, तो लाल रंग डब्यात मिळत नाही. मोलेच्या अभयारण्यातून मात्र मूठभरही आणू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तिथून काहीही उचलायला मनाई आहे. आम्ही आमच्या परसातली घेतली आणि शेजारी बांधकामावर जांभ्याचे चिरे कापताना पडलेली पूड. कढईत चांगली भाजली, म्हणजे किडे आणि अंडी मरतात, मग पिठाच्या चाळणीने आणि नंतर जुन्या ओढणीतून गाळली. आणि मग बाबांनी कागद धरून खालून लोहचुंबक फिरवलं तर काळे कण मिशीसारखे उभे राहिले. आमच्या भागात खनिजाचे ट्रक वर्षानुवर्षं जायचे, त्या धुळीत लोखंड असणारच. असे कण रुळाजवळ राहिले तर इंजिनच्या मोटरमधलं चुंबक त्यांना ओढून घेतं आणि मोटर जाते. पाच-सहा वेळा चुंबक फिरवून स्वच्छ केली. आपल्याकडची माती कुणीही वापरणार असेल तर हे चुकवू नका.

माती टाकायची पद्धत, आधी पातळ फेविकॉल ब्रशने, त्यावर चाळणीतून माती, मग स्प्रेने पाणी, आणि वरून ड्रॉपरने एक भाग फेविकॉल तीन भाग पाणी, त्यात भांडी धुवायच्या लिक्विडचा एक थेंब. तो थेंब नसेल तर गोंदाचे गोळे होऊन मातीवर घरंगळतात. हिरवाईसाठी सॉ मिलमधला बारीक भुसा कापडाच्या रंगात रंगवला आणि जुना स्पंज मिक्सरमध्ये फिरवला, ह्यासाठी वेगळं भांडं ठेवा. झुडपांना काथ्या. मोठ्या झाडांसाठी तुळशीच्या लग्नानंतर वाळलेल्या मंजिऱ्या आणि काटक्या गोळा केल्या, त्यावर स्पंज. अशी साडेतीनशे झाडं झाली आणि तरी जंगल विरळच वाटतं, ते काम अजून चालू आहे.

शेवटी पाणी. धबधबा पारदर्शक सिलिकॉनचा, खिडक्यांना लावतात ती ट्यूब. प्लास्टिकच्या कागदावर उभ्या रेघा मारायच्या, टूथपिकने खाली ओढत विंचरायच्या, दोन दिवसांनी अलगद सोलून काढायच्या आणि उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने पांढरा रंग. आमचा ६२ सेंटिमीटर उंच झाला, ४० पुलाच्या वर आणि २२ खाली, चार टप्प्यांत. खालच्या डोहाला इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रेझिन. पहिल्यांदा ओतलं ते रात्रीत तळातल्या टाचणीएवढ्या भोकातून खाली फरशीवर गेलं, आधी दोन हात रंग आणि गोंद देऊन तळ बंद करायला हवा होता. दुसऱ्यांदा ७ डिसेंबरला ओतलं, हवा कोरडी होती, अगदी काचेसारखं बसलं. दमट दिवसात ओतलं तर वर दुधी साय येते.

२८ डिसेंबरला रूळ पुसले, टेप काढल्या. बाबांनी पाच डबे लावले, पुढे एक इंजिन आणि मागे ढकलायला दुसरं. त्यांनी कंट्रोलर स्वतःच धरला. गाडी कुळ्याच्या बाजूने निघाली, पहिली मोरी, दुसरी, बोगदा, आणि बोगद्यातच थांबली. खिडकीतून हात घातला, एक चाक घसरलं होतं, बसवलं. परत निघाली आणि पुलावर आली. बाबांनी वेग कमी केला, म्हणाले, इथे ड्रायव्हर असाच हळू घ्यायचा. आंकल आले होते नाताळचं दोदोल, गोड पदार्थ, घेऊन, त्यांनी वाकून मोऱ्या मोजल्या.

एकूण खर्च ₹२७,००० च्या आसपास गेला, त्यातले पार्सलचे आणि फुकट गेलेल्या थर्माकोलचे मिळून दहा-साडेदहा हजार तुम्ही सहज वाचवू शकता. साचे आता माझ्याकडे रिकामेच पडून आहेत. कुडचडे, सावर्डे, मडगाव भागात कुणी हे काम करायला घेतलं असेल तर घेऊन जा, पैसे नकोत, फक्त परत देताना प्लास्टर सुकायच्या आत धुऊन द्या.